काळजातलं लोटलेलं दार

अवनी जिना चढत होती, आणि वर दारात उभ्या असलेल्या विजयालक्ष्मीबाईंना तो पावलांचा आवाज ओळखूच येईना. शास्त्रीनगरातली ही इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. तेरा वर्षांची ही नात रोज शाळेतून आली की दोन-दोन पायऱ्या घेत एका दमात वर यायची. खालच्या गुप्ताजींनी त्याबद्दल दोनदा तक्रारही केली होती. आणि आज? चार पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा चार, पुन्हा थांबणं. वळणावर पोरगी दिसली तेव्हा तिचा एक हात कठड्यावर होता आणि दुसरा छातीवर.

"काय गं, पाय मुरगळला का?"

"नाही आजी. मला हळू चालायचंय. माझ्या दिलमध्ये छेद आहे." दप्तर खाली ठेवून ती पुढे म्हणाली, "मतलब, मरत नाही मी. पण पळायचं नाही आता."

आता बघा, हे सांगावं कुणाला, तर विजयालक्ष्मीबाईंना! सदतीस वर्षं या बाईने मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवलेली. हजारभर हृदयं तरी तिच्या हातांखालून गेली असतील. मूळची कऱ्हाडची, नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून जयपूरला आली. नवरा गेला, त्याची बँकही कुठल्याशा दुसऱ्या बँकेत विरघळली, बाई मात्र इथल्याच होऊन गेल्या. फक्त राग कऱ्हाडहून आणला तो जसाच्या तसा राहिला होता, आणि तो आता तळपायापासून मस्तकापर्यंत गेला.

"कोण म्हणालं तुला?"

"शाळेच्या रजिस्टरमध्ये लिहिलंय. पीटीच्या सरांनी सगळ्यांसमोर वाचलं. मग मला बेंचवर बसवलं, आणि सगळ्या मुली माझ्याशी एकदम चांगल्या वागायला लागल्या."

हे शेवटचं वाक्य सांगताना मात्र पोरीचा ओठ थरथरला.

झालं होतं असं. दिवाळीनंतर शाळेत एका मोठ्या खासगी हॉस्पिटलने आरोग्य शिबिर भरवलं होतं. हृदय पडद्यावर दाखवणारं मशीन आणलं होतं, मिरवायला. अकराशे मुलं त्या मशीनखाली घालणं शक्यच नव्हतं, म्हणून धावण्याच्या संघातल्या चार मुली निवडल्या, त्यांना तपासलं, फोटो काढले, फोटो पेपरात आला. चौघींपैकी अवनीच्या रिपोर्टात डॉक्टरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्माआधीची जी छोटी वाट असते, ती या मुलीत पुरती चिकटलेली नाही. असं पुष्कळ निरोगी माणसांचं असतं. बाकी हृदय उत्तम. खेळायला कसलीही हरकत नाही. आता शाळेच्या क्लार्कच्या रजिस्टरातला रकाना दोन बोटं रुंद. त्यात चार ओळी मावणार कशा? त्या गृहस्थाने त्यातलं स्वतःला जेवढं समजलं तेवढं उचललं आणि लिहून टाकलं, 'दिल में छेद'. हरकत नाही हे शब्द रिपोर्टातच राहिले, आणि रिपोर्ट गेला कपाटात.

आता तीन आठवड्यांवर जयपूरजवळच्या चौमूंला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. आठशे मीटरमध्ये अवनी शाळेची पहिली होती. पहिल्या तीन मुली राज्यासाठी जाणार, आणि अवनीने गेलं अख्खं वर्ष त्याच तिघींत येण्यासाठी पहाटे उठून काढलं होतं.

संध्याकाळी तनया बँकेतून आली. तनया म्हणजे बाईंची लेक, अवनीची आई. जावई विम्याच्या नोकरीत बिकानेरला बदलीवर, त्यामुळे घरात या तिघीच. तनयाला शाळेतून दुपारीच फोन आला होता आणि येईपर्यंत तिने मोबाइलवर नाही नाही ते वाचून ठेवलं होतं. चेहरा पांढराफटक. आल्या आल्या तिने अवनीला जवळ घेतलं आणि रडायलाच लागली.

"अगं, रडतेस काय!" बाई कडाडल्या. "ऐक माझं. पोटात असताना बाळाची फुप्फुसं बंद असतात. श्वास घ्यायचा नसतो ना त्याला. मग उजवीकडचं रक्त फुप्फुसांत कशाला जाईल? ते मधल्या पडद्यातल्या वाटेने सरळ डावीकडे जातं. ती वाट म्हणजे दारच, डावीकडे उघडणारं. बाळ जन्मलं, पहिला टाहो फोडला, की फुप्फुसं उघडतात, डावीकडचा दाब वाढतो आणि तेच दार उलट बाजूने दाबलं जाऊन मिटतं. चौघांपैकी तिघांत ते पुढे चिकटून जातं. चौथ्यात चिकटत नाही. नुसतं लोटलेलं राहतं. कडी लागलेली नाही, एवढंच! त्याला छेद म्हणतात होय?"

"आई, प्लीज," तनया म्हणाली. "मी खऱ्या डॉक्टरला दाखवणार."

"खऱ्या?"

"मतलब... तू मेलेल्यांची डॉक्टर आहेस आई. ही माझी जिवंत मुलगी आहे."

सदतीस वर्षांत विद्यार्थ्यांनी पाठीमागे काय काय नावं ठेवली ती सगळी बाईंना ठाऊक होती, पण पोटच्या पोरीचं हे बोलणं वर्मी लागलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळा राग विळीवरच्या भाजीवर काढला.

तरी तनया चुकली नव्हती, हे बाईंनाही मनातून मान्य होतं. नुसत्या विश्वासावर काळीज कोण सोडेल? म्हणून दोघी मिळून अवनीला कैवल्यकडे घेऊन गेल्या. शिबिरात रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर तोच, आणि एके काळचा बाईंचा विद्यार्थी. त्याने तासभर सगळ्या तपासण्या केल्या. अवनीला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला तारा लावून पाहिलं, मशीनवर सगळे कप्पे, सगळ्या झडपा पुन्हा पुन्हा बघितल्या. मग खुर्ची सरकवून म्हणाला, "मॅडम, मी शिबिरात लिहिलं होतं तेच आहे. लोटलेलं दार. बाकी या वयात मला असं हृदय असतं तर मीही पळालो असतो. हिला पळू द्या."

तनयाने सुटकेचा नि:श्वास टाकला. अवनीने मात्र हळूच विचारलं, "पण छेद आहे ना?"

"अगं, छेद नाही गं तो."

"पण बंद पण नाही ना?"

यावर कैवल्य हसला; बाई मात्र नातीकडे बघत होत्या. पोरगी ऐकत होती, मान डोलावत होती, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. परत आल्यावर जिन्यात तेच. चार पायऱ्या, थांबणं. अभ्यासाला बसली की दोन बोटं मनगटावर. "आजी, चौऱ्याहत्तर. बरोबर आहे?" जेवताना मध्येच. "आजी, एक ठोका मिस झाला का गं?" ज्या पोरीला आपल्या छातीत काही आहे याचा गेल्या महिन्यापर्यंत पत्ता नव्हता, ती आता दिवसभर कान लावून बसली होती. कुणाला सांगायचं हे, आणि कुणावर फिर्याद करायची!

कैवल्यचं सर्टिफिकेट घेऊन तनया शाळेत गेली. 'पूर्णपणे तंदुरुस्त' असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं. क्लार्कने ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. प्रत्येक मुलासाठी जूनमध्ये पालकांनी भरायचा असतो तोच. तेरावा प्रश्न: हृदयात छेद आहे का? पुढे दोन चौकोन. हो. नाही. तनयाने जूनमध्ये 'नाही'वर खूण केली होती; आता रजिस्टरशी ते जुळत नव्हतं, म्हणून नवा फॉर्म डॉक्टरच्या सहीसकट हवा. 'नाही'वर खूण असेल तर मुलगी पळेल. 'हो'वर असेल तर नियमाप्रमाणे पळणार नाही. तंदुरुस्त वगैरे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

तनयाने कैवल्यला फोन केला. तो म्हणाला, "द्या पाठवून, 'नाही'वर टिक करतो. कशाला डोकेफोड? तसंही त्याने काही फरक पडत नाही."

आणि हे ऐकून घरात जो भडका उडाला, तो गुप्ताजींनाही ऐकू गेला असणार.

"खोटं लिहायचं?" बाई ओरडल्या. "का म्हणून? आपण काय चोरी केलीय?"

"आई, सगळेच लिहितात! एक टिक आहे फक्त! ती पळेल, विषय संपेल."

"संपेल? अगं, ती पोरगी बघतेय ना तिथून! डॉक्टरने, आईने, आजीने मिळून 'नाही' लिहिलं, आणि तिला माहितीय की 'हो' आहे. म्हणजे काय समजेल ती? की गोष्ट इतकी भयंकर आहे की मोठी माणसंसुद्धा लपवतात. जन्मभर घाबरेल ती. मैदानावर पळेल आणि प्रत्येक वळणावर मरणाची वाट बघेल. नाही म्हणजे नाही!"

पडद्याआड अवनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं हे पडद्याखाली खिळून राहिलेल्या तिच्या पावलांवरून दिसत होतं.

मग बाईंनी मुख्याध्यापिकेची वेळ मागितली. पहिल्यांदा त्या बाहेरगावी होत्या. दुसऱ्यांदा मीटिंग होती. तिसऱ्यांदा "कमिटीशी बोलून कळवतो" असं उत्तर आलं, आणि कुणी काही कळवलं नाही. असे दिवसामागून दिवस गेले. संघातल्या मुली मैदानावर फेऱ्या मारत होत्या आणि अवनी बेंचवर बसून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती. शेवटी शनिवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. रविवार मध्ये सोडून सोमवारी चौमूं.

शनिवारी सकाळी सातलाच बाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या. चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या तटबंद शहराच्या, तोंडाशी मटणाची दुकानं आहेत, तिथे ई-रिक्षाने गेल्या आणि खाटकाला म्हणाल्या, बोकडाची सहा हृदयं दे, आणि वरच्या नळ्या तशाच ठेव, साफ करू नकोस. त्याने या पांढऱ्या केसांच्या, नाकावर चष्मा आलेल्या बाईकडे दोनदा पाहिलं. त्याला वाटलं असेल, घरी पाहुणे येणार आहेत.

घरी गच्चीत वर्तमानपत्र पसरून बाईंनी एक एक उघडलं. कात्री बोटांत गेली आणि हाताला सगळं आठवलं. उजवा वरचा कप्पा उघडायचा, वरची आणि खालची मोठी शीर जिथे येऊन मिळते त्याच्या मधोमध पडद्यावर एक उथळ खळगा असतो तो शोधायचा, आणि हृदय उजेडाला धरायचं. कॉलेजात दरवर्षी नवी बॅच आली की बाई पहिल्या दिवशी हेच करायला लावत. पुस्तक मिटा, खिडकीशी जा, उजेडाला धरा. बाकी हृदय काळंभोर राहतं आणि तेवढा खळगा कांद्याच्या पापुद्र्यासारखा उजळतो, इतका पातळ असतो तो. मग विणकामाच्या बोथट सुईने कडेला तिरकं चाचपायचं. पहिल्यात चिकटलेलं. दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यातही. पाचव्यात सुई अलगद आत सरकली आणि पलीकडच्या कप्प्यात निघाली. बाईंनी ते हृदय धुऊन स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

शाळेत तनया आणि अवनी आधीच पोचल्या होत्या. मुख्याध्यापिकेची खोली दुसऱ्या मजल्यावर. अवनी जिन्यात पाच वेळा थांबली, बाईंनी मोजलं.

मुख्याध्यापिका प्रभावती शेखावत म्हणजे ऐन पन्नाशीची, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई. वाईट नव्हती हो. पण वीस वर्षं फायलींच्या मागे बसून माणूस फायलीसारखाच विचार करायला लागतो. बोलणं अर्थातच हिंदीत झालं. इथे आपल्या भाषेत सांगते.

"बसा माताजी," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणा," बाई म्हणाल्या आणि बसल्या नाहीत.

"डॉक्टरसाहेब, माझे हात बांधलेले आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत मुलगा मैदानावर पडला. तेव्हापासून हा फॉर्म आहे. 'नाही'वर खूण करून आणा, मी आत्ता परवानगी देते. मी कुठे अडवतेय?"

"म्हणजे खोटं लिहा."

"तसं मी म्हटलं नाही. पण 'हो' असेल तर मुलीचं हृदय आजारी आहे, आणि ती जबाबदारी मी घेणार नाही."

त्या वेळी बाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

प्रभावतीजी खुर्चीसकट मागे सरकल्या. क्लार्क दाराशी उभा होता, तो "मांस! ऑफिसात मांस!" म्हणत बाहेर पळाला. तनयाने "आई!" म्हणून तोंडावर हात घेतला. आणि बाईंनी कुणाकडेही न बघता ते उघडलेलं हृदय तळहातावर घेतलं.

"अवनी, इकडे ये."

अवनी आली. तिने नाक मुरडलं नाही; दोन आठवडे जे दिवसभर मनात बसलं होतं ते समोर पाहायला मिळतंय म्हटल्यावर कुठली किळस!

"हे बघ. चार खोल्या. वरच्या दोन रक्त घेतात, खालच्या दोन ढकलतात. ही उजवी भिंत बघ, पातळ. हिला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं असतं. ही डावी भिंत बघ, दाबून बघ. जाड आहे ना? हिला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं. तू पळतेस ते हिच्या जिवावर. आणि या मधल्या झडपा. पांढरे दोरे दिसतात? ते ताणून धरतात, म्हणून झडप उलटी होत नाही, रक्त मागे फिरत नाही. आता तुझं ते. खिडकीशी ये. उजेडाला धर."

अवनीने खिडकीशी जाऊन हृदय उजेडाला धरलं. काळपट मांसात एक छोटा गोल तांबूस उजळला.

"दिसलं. आजी, हे चमकतंय."

"आता बोट लाव. उजवीकडून हळूच ढकल. जातंय ना कडेने? आता डावीकडून ढकल."

अवनीने ढकललं. पुन्हा ढकललं. तिच्या भुवया वर गेल्या.

"हे तर बंद होतंय! जेवढं जोरात दाबते तेवढं घट्ट बसतंय."

"आणि दाब कुठे जास्त असतो?"

"डावीकडे. ती जाडी भिंत."

"मग तू पळतेस, डावी बाजू जोरात काम करते, तेव्हा दाराचं काय होतं?"

अवनी त्या पडद्यावर बोट ठेवून उभी होती. मग म्हणाली, "कधीच उघडत नाही का?"

"जोरात खोकलीस, कुंथलीस, तर क्षणभर किलकिलं होत असेल. लगेच मिटतं. मी तुला खोटं सांगणार नाही."

"आणि हा बकरा पळायचा का?"

"ते मला माहीत नाही गं. पण त्याला कुणी रजिस्टर वाचून दाखवलं नव्हतं, म्हणजे पळताना घाबरला नसणार."

अवनी फसकन हसली. इतक्या दिवसांनंतर पहिल्यांदा. तनया खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, तिचे डोळे भरून आले.

प्रभावतीजी तोवर सावरल्या होत्या. पदर नाकाशी धरून त्या म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे. पण हे शाळेत आणणं... आणि फॉर्मवर काय लिहायचं ते तर तसंच राहिलं. 'हो' की 'नाही'?"

बाईंनी हृदय डब्यात ठेवलं, झाकण लावलं, पिशवीतून रुमाल काढून हात पुसले. मग टेबलावरच्या गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म उचलला, तेराव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि पेन प्रभावतीजींच्या पुढे धरलं.

"आधी तुम्ही भरा."

"मी?"

"तुम्ही. हृदयात छेद आहे का? तुमच्या. करा खूण."

"मी निरोगी आहे. रोज हे दोन मजले चढते."

"तसं अवनीही चढायची, दोन-दोन पायऱ्या घेत. चौघांत एकाचं असतंच असं लोटलेलं दार. करा ना खूण. 'नाही'वर करा."

प्रभावतीजींनी पेन घेतलं. टोक 'नाही'च्या चौकोनावर नेलं. आणि तिथेच थांबल्या. दारातून डोकावणाऱ्या क्लार्ककडे बाईंनी मान वळवली. "तुम्ही? तुम्ही करता का? या, घाबरू नका, डबा बंद आहे." क्लार्कने छातीवर हात ठेवला आणि तो परत भिंतीआड झाला.

"मला कसं माहीत असणार?" प्रभावतीजी शेवटी म्हणाल्या.

"हेच!" बाईंचा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला असेल. "हेच म्हणतेय मी! तुम्हाला माहीत नाही. मला माझंही माहीत नाही. या शाळेत अकराशे मुलं आहेत. अकराशे आई-बापांनी 'नाही'वर खूण केली, काय बघून केली? कुणाच्या छातीत डोकावून पाहिलं होतं? कुणी नाही! माझ्या लेकीनेही जूनमध्ये न बघताच केली होती. तुमच्या कपाटात अकराशे फॉर्म आहेत आणि खरं बघून लिहिलेला एकच असणार आहे, तो या पोरीचा. जिचं हृदय आतून-बाहेरून तपासलंय, जिला डॉक्टरने पट्ट्यावर पळवून बघितलंय, जिच्याबद्दल तंदुरुस्त असं लेखी आहे, तिलाच तेवढी बेंचवर बसवली तुम्ही. आणि ज्यांचं कुणी काही बघितलंच नाही ती सगळी पळताहेत. अहो, लाज वाटत नाही?"

खाली मैदानावर शिट्टी वाजली.

बाईंनी पेन प्रभावतीजींच्या हातातून काढून घेतलं. तनयाने सोबत आणलेल्या अवनीच्या फॉर्मवर 'हो'च्या चौकोनात ठळक खूण केली. शेजारी, जागा नव्हती तिथे, समासात तिरकं लिहिलं: 'हो. आणि ही पळेल.' खाली पूर्ण नाव, पदवी, आणि सही. कैवल्यचं सर्टिफिकेट त्याला टाचलं आणि सगळं पुढे सरकवलं.

प्रभावतीजींनी कागद तिरका धरून ती ओळ वाचली. मग त्यांनी स्वतःचा कोरा फॉर्म घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला, शाळेचा शिक्का ओढला आणि समासातल्या त्या तिरक्या ओळीवर मारला. माफी मागितली नाही. "सोमवारी बस सहाला निघते," एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर अवनी जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबली. मग पोरगी दोन-दोन पायऱ्या घेत जी सुटली ती थेट खालीच. तनयाच्या तोंडून सवयीने "हळू गं!" निघालं आणि तिने जीभ चावली. मग ती आईच्या हातातला तो डबा स्वतःच्या हातात घेत म्हणाली, "आई, त्या दिवशी मी तुला जे बोलले..."

"चूक काय बोललीस? मेलेल्यांचीच डॉक्टर मी," बाई म्हणाल्या. "नीट धर, सांडेल."

सोमवारी चौमूंच्या मैदानावर उन्हं कोवळी होती. आठशे मीटरला अकरा मुली. अवनी सुरुवातीला चौथी, दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिसरी. तनयाने बाईंचा हात इतका दाबून धरला होता की बांगडी रुतली. शेवटच्या शंभर मीटरमध्ये अवनीचे पाय जड झाले. इतके दिवस बेंचवर बसलेले पाय ते, किती ऐकणार? रेषेपाशी एक मुलगी हातभर पुढे निघून गेली. अवनी चौथी आली.

चौथी. तिघी राज्याला जाणार, आणि ही चौथी.

बाई तिच्याकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात समजुतीची दहा वाक्यं तयार होती. पण अवनी धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले, समोरून पळतच आली. तिने आजीचा हात ओढून स्वतःच्या छातीवर दाबून धरला. आत नुसता दणका चालला होता.

"आजी, बघ ना! किती जोरसे चाललंय! बघ!" ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती. "पुढच्या वर्षी बघते मी तिला."

बाईंनी हात तसाच ठेवला. सदतीस वर्षांत इतकी हृदयं हाताळली, पण आजवर त्यांच्या हातात आलेलं एकही चालू नव्हतं.

तेवढ्यात प्रभावतीजी फोटोवाल्याला घेऊन आल्या. "अभिनंदन, डॉक्टरसाहेब! चौथा नंबर, पहिल्याच वर्षी! फार छान हं. या, फोटो काढू."

बाईंनी नातीच्या छातीवरचा हात काढला नाही. नुसती मान वर केली.

"एकोणीस दिवस," त्या म्हणाल्या. "एकोणीस दिवस ही पोर बेंचवर होती, आणि हातभर मागे राहिली. ते दिवस कुठल्या चौकोनात भरता, तेवढं सांगा. मग काढू फोटो."